लागेल ते

लबक, टेक्सस
२० फेब्रुवारी १९८४

आदरणीय कोमाद्रे एर्मेलिंदा,

हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमचा खोकला गेलेला असो. आम्ही तिघं ठीक आहोत. एलेआसारला सरकीच्या तेलाच्या गिरणीत पुन्हा दिवसपाळी मिळाली. त्यामुळे तो रात्रीच्या जेवणाला घरी असतो, आणि घेवड्यात मीठ कमी आहे हे सांगायलाही.

मुख्य बातमी तुमच्या धर्मकन्येची. नेरे सरकारच्या हिशेबी पात्र ठरली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागद दिला की तिला उजेड-अंधार एवढंच कळतं, आणि पुढेही तेवढंच कळेल. हे आपल्याला नऊ वर्षांपासून माहीत होतं, पण आता राज्याच्या ऑफिसलाही माहीत झालं. या पोरीला आजवर लोक बिचारी म्हणाले, कमनशिबी म्हणाले, माझ्या सासूबाई तर पाप कुणाचं ते शोधत बसल्या. पात्र पहिल्यांदाच कुणी म्हटलं. मी मिस प्रुइटला म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा.

मिस प्रुइट ही अंध मुलांसाठी राज्यानं नेमलेली बाई. उंच, हाडकुळी, बिनसाखरेची कॉफी पिते. तिचं स्पॅनिश लंगडं आणि माझं इंग्रजी लंगडं, दोघी मिळून बरं चालतो. उन्हाळ्यात ऑस्टिनला सहा आठवड्यांची शिकवणी असते, असं ती सांगत होती. मुलं तिथंच राहतात. काठी घेऊन रस्ता ओलांडायचा, आपली खाट आपण आवरायची, अंडं तळायचं, बसमध्ये एकट्यानं चढायचं, असं सगळं शिकवतात. एलेआसार म्हणाला, "अंडं तळायला शिकायला ऑस्टिनला?"

तुम्हाला म्हणून सांगते. गेल्या महिन्यात शाळेच्या आवारात शिक्षिकेनं नेरेला कुंपणापाशी उभं केलं आणि ती विसरली. बर्फाळ वारा होता. मी न्यायला गेले तर पोर तिथंच, ओठ निळे. मी म्हटलं, "अगं, आत का नाही गेलीस?" तर म्हणाली, "मला कुणी नेलं नाही." त्या दिवसापासून माझं जेवण उडालं आहे. उद्या मी नसले तर ही कुठल्या कुंपणापाशी उभी राहील? म्हणून तिनं ऑस्टिनला जावं असं मला वाटतं. मला तिची सवय आहे, तरी वाटतं.

कागद आम्ही दोघांनी बसून भरले. पगार, घरभाडं, घरात माणसं किती, सगळं. शेवटी एक प्रश्न होता : आईवडिलांशिवाय मुलीच्या खर्चाला कोण हातभार लावतं? नावं लिहा, काय देतात ते लिहा. मी म्हटलं, कोणी नाही लिहू. एलेआसारनं डोळे वटारले. "बाप्तिस्म्याला एर्मेलिंदानं पोरीला हातात धरलं, आपली कोमाद्रे झाली, ती कोणी नाही? चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला सेन्योर प्राक्सेदिसनं केक दिला, निन्फानं ओढणी दिली, ताचोनं बाजा वाजवला, ते कोणी नाही? एकाचं नाव राहिलं तर नाताळला वेस्लाकोत तोंड दाखवायची सोय नाही." मग चौघांची नावं लिहिली, पहिलं तुमचं. काय देतात, तिथं काय लिहावं मला सुचेना. एलेआसार म्हणाला, "लागेल ते." चौघांपुढेही तेच लिहिलं.

नेरे तुमच्या हाताला मुका सांगते.

तुमची कोमाद्रे,
ओतिलिया


वेस्लाको, टेक्सस
४ मार्च १९८४

प्रिय कोमाद्रे ओतिलिया,

खोकला गेला, पत्र आलं, दोन्ही एकाच दिवशी. पत्र मी दारातच उभ्यानं दोनदा वाचलं आणि तशीच सेन्योर प्राक्सेदिसच्या बेकरीत गेले. चूक झाली. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "ऑस्टिनच्या सरकारी दप्तरात माझं नाव आहे." कुणी विचारलं कशाबद्दल, तर म्हणतो, "पोरीचा धर्मबाप, पाद्रिनो म्हणून. केकबद्दल." निन्फा रुसली आहे, कारण तिचं नाव तिसरं. म्हणाली, ओढणी आधी येते, केक नंतर कापतात. ताचोला काही फरक पडत नाही. तो फक्त विचारत होता की गव्हर्नर बाजा वाजवायला बोलावेल का.

'लागेल ते' लिहिलंत ते योग्यच केलंत. माझी मान ताठ झाली.

नाताळातल्या थंडीनं इकडच्या संत्र्यांच्या बागा काळ्या पडल्या, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. झाडं उभीच्या उभी मेली. फळं निवडून खोक्यांत भरायच्या बऱ्याच शेड बंद झाल्या. आमची मात्र चालू आहे, सीमेपलीकडून माल येतो. उलट मला पट्ट्यावरून काढून ऑफिसात बसवलं, खुर्चीवर. दिवसभर फळं निवडणारी बाई मी, आता बसून बसून पाय सुजतात. तेव्हा माझी काळजी करू नका.

पोरीला ऑस्टिनला पाठवा. कोम्पाद्रे एलेआसारचं ऐकू नका. तो चांगला माणूस आहे, म्हणून त्याचं फार ऐकावं लागत नाही.

तुमची,
एर्मेलिंदा


लबक
२२ मार्च १९८४

आदरणीय कोमाद्रे,

राज्याचं उत्तर आलं. नेरेची जागा ऑस्टिनला राखून ठेवली आहे. पण खर्चाचा काही वाटा कुटुंबानं द्यायचा असतो, ज्याला जेवढं झेपेल तेवढा, आणि आमचा वाटा एलेआसारच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा निघाला. मला वाटलं वाचण्यात चूक झाली. एलेआसारनं वाचलं, मग शेजारच्या पोरानं वाचलं. तेवढाच.

मी बस धरून मिस प्रुइटच्या ऑफिसात गेले. विचारलं, "एवढा कसा? गिरणीचा पगार तुम्ही पाहिलात ना?"

ती म्हणाली, "पगाराचा नाही हा. तुमच्या मुलीमागे चार माणसं उभी आहेत. प्रत्येकापुढे लिहिलंय, लागेल ते देतात. असं मला आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं. वरच्यांना वाटलं, बडी माणसं दिसतात."

"बडी कसली? एक पाववाला आहे, एक केस कापते, एक लग्नात अकॉर्डियन वाजवतो."

"आणि ही पहिली?"

"ती ऑफिसात असते. खुर्चीवर."

"बरं, मग ही माणसं दर महिन्याला काय देतात?"

आता काय सांगणार? म्हटलं, "दर महिन्याला काही नाही. पण मागितला तर जीव देतील."

मिस प्रुइटनं पेन खाली ठेवलं आणि कपाळ चोळलं. "जिवासाठी रकाना नाही, मिसेस बारिएन्तोस," म्हणाली. बाई वाईट नाही. तिनं उपायही सांगितला. चौघांनी एकेक ओळ लिहून सही करायची की आम्ही या मुलीला नेमानं पैसे देत नाही. मग हिशेब फक्त गिरणीच्या पगारावर होईल आणि वाटा अगदी थोडा उरेल. हे पंधरा मेच्या आत. नंतर जागा दुसऱ्या मुलाला जाते.

एलेआसारला सांगितलं तेव्हा तो बूट पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "सेन्योर प्राक्सेदिसकडे जाऊन सांगायचं की लिहून दे, तू पोरीला काही देत नाहीस? त्यापेक्षा त्याच्या दुकानाची काच फोडतो. ते तरी तो विसरेल."

"मग नेरे?"

"नेरे राहील घरी. तिला काय कमी आहे? आपण आहोत."

"आपण किती दिवस आहोत?"

त्यानं टोपी घातली आणि बाहेर गेला. जायचं कुठंच नव्हतं, अंगणातल्या ट्रकमध्ये जाऊन बसला.

मी तुमच्याकडे काही मागत नाही, कोमाद्रे. फक्त कळवते.

ओतिलिया


वेस्लाको
१ एप्रिल १९८४

प्रिय कोमाद्रे,

काही मागत नाही असं लिहून तुम्ही सगळंच मागितलंत, आणि तो तुमचा हक्क आहे. सह्या-बिह्या काही नकोत. अशा कागदावर सही मागायला गेले तर सेन्योर प्राक्सेदिस पुन्हा माझं तोंड बघणार नाही, आणि मला पाव रोज लागतो.

तुमचा वाटा मी भरते. धर्मआई, माद्रिना कशाला असते? नुसता बाप्तिस्म्याचा झगा शिवायला? ईस्टरपर्यंत पैसे पाठवते. मिस प्रुइटला सांगून टाका की पहिलं नाव खरं आहे. कोम्पाद्रेला बूट पुसत बसू दे.

शेडमध्ये काम भरपूर आहे. खुर्चीला आता मी गादी शिवली.

तुमची,
एर्मेलिंदा


लबक
३० एप्रिल १९८४

एर्मेलिंदा,

ईस्टर होऊन आठवडा झाला. पैसे नाहीत, पत्र नाही. मी दोनदा लिहिलं, त्याचंही उत्तर नाही. तुझ्याकडे फोन नाही, नाहीतर गिरणीच्या फोनवरून केला असता.

आज मी तुला तू म्हणते, शाळेत म्हणायचे तशी. कोमाद्रे झाल्यावर तुम्ही म्हणायचं असतं, मला ठाऊक आहे. पण तुम्ही म्हणत हे लिहिता येत नाही. तुला द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस. मी रागावले नसते. तुझ्या शब्दावर मी मिस प्रुइटला सांगून आले की वाटा भरला जाईल. नेरेला सांगितलं की तू ऑस्टिनला जाणार. ती रोज मला विचारते, तिथं रस्ता किती रुंद आहे, तिथल्या मुलींची नावं काय. तिनं आपले कपडे स्वतः घड्या करून खोक्यात भरले आहेत. वाकड्यातिकड्या घड्या आहेत, मी हात लावला तर ओरडते. आता तिला काय सांगू?

ऑफिसात खुर्ची मिळाली की माणसं बदलतात, असं माझी आई म्हणायची. मी तुझ्याबद्दल असं मनात आणलं, हे एलेआसारला सांगितलं, तर त्यानं मला गप्प केलं. "कोमाद्रेवर शंका घ्यायची नाही," म्हणाला. "काहीतरी झालं असेल." त्याच्यासाठी तू अजून पहिलं नाव आहेस.

पंधरा तारखेपर्यंत काही आलं नाही तर मी जागा सोडते, असं कळवणार आहे.

ओतिलिया


वेस्लाको
७ मे १९८४

ओती,

तुझं 'तू' वाचलं आणि मला बरं वाटलं. शिव्या घालायला तरी ती जुनी ओती घरी आली.

आता ऐक. खुर्ची नाही. ऑफिस नाही. शेड जानेवारीतच बंद झाली, मालकानं दाराला साखळी घातली आणि सॅन अँटोनियोला मुलाकडे गेला. मी तुला खोटं लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं कारण तू काळजी करशील म्हणून. दुसऱ्यांदा लिहिलं कारण माझं नाव पहिलं होतं. त्या नावाखाली मला 'नाही' लिहिता येईना.

पैसे मी खरंच उभे करणार होते. कांद्याच्या काढणीला गेले. वीस वर्षांनी पुन्हा वाकले, पोरासोरांच्या रांगेत. दोन आठवडे बरं चाललं. पाम संडेच्या आदल्या दिवशी, ईस्टरला आठ दिवस असताना, पोतं उचलताना कंबरेत असं काही झालं की मला दोघांनी धरून घरी आणलं. तेव्हापासून उताणी पडून होते. तुझी दोन्ही पत्रं उशाशी होती. उत्तर लिहायला उठता येत नव्हतं हे निम्मं खरं आहे. बाकीचं निम्मं म्हणजे मला तोंड नव्हतं.

तुझं तिसरं आलं आणि मी उठले. भिंत धरून, पण उठले. कोरा कागद घेतला आणि बेकरीत गेले. शनिवार सकाळ होती, दुकान भरलेलं. बायका ताटं-चिमटे घेऊन पाव निवडत होत्या. मी कागद गल्ल्यावर ठेवला.

"सेन्योर प्राक्सेदिस, ह्यावर लिहून सही करा."

"काय लिहू?"

"की तुम्ही नेरेला काही देत नाही."

सगळे चिमटे थांबले. तो म्हणाला, "एर्मेलिंदा, उन्हात डोकं तापलं का तुझं? मी त्या पोरीचा पाद्रिनो आहे. केक तीन मजली होता. विचार ह्या सगळ्यांना."

"होता. ह्या महिन्यात काय दिलंत?"

"कुणी मागितलं का?"

"मागणार नाहीत ते. तुम्हाला माहीत आहे एलेआसार. आणि मागितलं तर आहे का?"

"ते तुला कशाला सांगू?"

तेव्हा मी म्हणाले. ओती, मी भर दुकानात म्हणाले, "मग माझं ऐका. मी तिची माद्रिना आहे आणि माझ्याकडे काही नाही. शेड बंद आहे, कंबर गेली आहे. कोमाद्रेला मी पैसे देते असं लिहिलं, ते खोटं लिहिलं. आपण चौघं फार मोठे आहोत असं सरकारला वाटतंय, आणि त्यापायी ती पोर घरी बसणार आहे. तुम्हाला मोठं राहायचं असेल तर राहा."

मला वाटलं जमीन फाटेल. पण रांगेत उभी असलेली निन्फा म्हणाली, "शेड बंद आहे हे सगळ्या वेस्लाकोला माहीत आहे, बाई. तुझ्या त्या खुर्चीचं आम्ही कौतुक करायचो ते तुला बरं वाटावं म्हणून." कुणीतरी हसलं. मग मीही हसले, आणि कंबरेत कळ आली.

सेन्योर प्राक्सेदिसनं हात पुसले, सावकाश, एकेक बोट. म्हणाला, "चार महिने मी तुझ्या पिशवीत दोन पाव जास्त घालतो. तुला मोजता येत नाही म्हणून का?" मला खरंच कळलं नव्हतं. मी समजायचे, म्हातारा विसरतो. मग हळूच म्हणाला, "माझी भट्टीही एक दिवसाआड पेटते, एर्मेलिंदा. केक कोण घेतंय?"

पेन घेतलं, पण अडला. "'देत नाही' असं मी लिहिणार नाही. 'देऊ शकत नाही' लिहीन. चालेल का तुमच्या त्या बाईला?" मी म्हटलं, चालवू. त्यानं लिहिलं, सही केली, आणि वर पिठाचा अंगठा उमटला तो तसाच राहू दिला. निन्फानं त्याच गल्ल्यावर लिहिलं. ताचोला घरी जाऊन उठवलं. तो म्हणाला, "मी कधी काही दिलंच नाही, नुसतं वाजवलं," आणि झोपेतच सही केली.

चौथी माझी. चारही सोबत आहेत. पाकीट उघडताना फाडू नकोस.

पोरीच्या घड्यांना हात लावू नकोस.

एर्मेलिंदा


लबक
१४ मे १९८४

आदरणीय कोमाद्रे,

पुन्हा तुम्हीवर येते, कारण आता लाज वाटते.

पाकीट शुक्रवारी आलं. मी एलेआसारसमोर ठेवलं. त्यानं चारही कागद वाचले. तुमचा शेवटी वाचला, आणि तो वाचून झाल्यावरही हातात धरून बसला. मला वाटलं आता ट्रककडे जाईल. पण तो गेला नाही. आज उठल्यावर त्यानं दाढी केली, रविवारचा सदरा घातला. म्हणाला, "मी नेतो."

गिरणीतून अर्धी पाळी सोडून तो आज मिस प्रुइटकडे गेला. मी बरोबर होते. हॅट छातीशी धरून उभा राहिला, खुर्ची दिली तरी बसला नाही. "मॅडम," म्हणाला, "ही माणसं गरीब आहेत. मी त्यांना श्रीमंत लिहिलं. चूक माझी आहे, त्यांची नाही." लग्नाला बारा वर्षं झाली, ह्या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' मी ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं तेही इंग्रजीत.

मिस प्रुइटनं कागद एकेक करून पाहिले. पिठाच्या अंगठ्यापाशी थांबली. फायलीत लावले आणि म्हणाली की आता वाटा म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि मुलीचे कपडे, बाकी राज्य बघेल. नेरे दहा जूनला जाते.

कोमाद्रे, मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तुम्ही उताण्या पडून माझं ते पत्र वाचलंत हे मनातून जात नाही. एलेआसार म्हणतो, मागच्या खोलीतली खाट रिकामी आहे, बागा पुन्हा लागेपर्यंत इकडे या. मीही म्हणते. इथं वारा फार आहे, पण कांदे काढावे लागत नाहीत.

तुमची,
ओतिलिया


वेस्लाको
२ जुलै १९८४

प्रिय कोमाद्रे,

येईन, पण नाताळात. कंबर अजून बसच्या लायकीची नाही. निन्फाच्या दुकानात बसून टॉवेल घड्या करते. ती पैसे देते आणि बोलतेही, बोलणं जास्त.

पोर जेवते का? रडते का? सेन्योर प्राक्सेदिस रोज विचारतो, आणि मी रोज काहीतरी बनवून सांगते. खरं काय ते कळवा.

एर्मेलिंदा


लबक
९ सप्टेंबर १९८४

आदरणीय कोमाद्रे,

उशीर झाला. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

नेरे जेवते. पहिले तीन दिवस रडली, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. चौथ्या दिवसापासून रडायला वेळ झाला नाही म्हणे. शेवटच्या दिवशी आईवडिलांना बोलावतात, म्हणून आम्ही ट्रकनं ऑस्टिनला गेलो. तिथं एक रीत आहे. आईवडिलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि मुलांना सांगतात, आता ह्यांना समोरच्या फुटपाथवर घेऊन जा. मला वाटलं एलेआसार नाही म्हणणार. लोकांसमोर, डोळे बांधून! पण नेरे पट्टी घेऊन उभी होती. तो खाली वाकला, तिनं चाचपत गाठ मारली.

तिच्या कोपराला धरून तो निघाला. रस्ता मोठा होता, दोन्हीकडून गाड्या. कडेला पोचले आणि तो थांबला. मी मागून बघत होते. एवढा थोरला माणूस, गिरणीतली पोती एकटा उचलतो, त्याचा पाय फुटपाथवरून खाली उतरेना. नेरेनं काठी पुढे टेकवली आणि मान तिरकी करून ऐकत राहिली. तो म्हणाला, "नेरे, परत जाऊ." ती म्हणाली, "पप्पा, बोलू नका, मला गाड्या ऐकू येत नाहीत." मग ती म्हणाली, "आता," आणि दोघं गेले. पलीकडे पोचल्यावर त्यानं पट्टी काढली ती डोळे पुसूनच काढली.

संध्याकाळी ती म्हणाली की तिला वर्षभराच्या शाळेत तिथंच राहायचं आहे. मैत्रीण आहे, लुफ्किन गावची. ब्रेलचं मशीन आहे. शाळेचा काही वाटा द्यावा लागत नाही, फक्त आम्ही हो म्हणायचं. मी एलेआसारकडे पाहिलं. मला वाटत होतं तो नाही म्हणेल, आणि कोमाद्रे, खरं सांगते, म्हणावं असंही वाटत होतं. सबंध उन्हाळा मी तिला परत आणायच्या दिवसाकडे डोळे लावून होते. तिची चादर धुतली होती, मक्याच्या पिठाचे गोड तामालेस वाफवून ठेवले होते.

तो म्हणाला, "मी ह्या पोरीच्या हातानं रस्ता ओलांडलाय. आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

म्हणून आम्ही दोघंच परत आलो. ट्रकमध्ये मधली जागा रिकामी. एलेआसारनं लबकपर्यंत रेडिओ लावला नाही. तामालेस शेजाऱ्यांना वाटले.

मी तिला पाठवायला भांडले, तुमच्यावर रागावले. हवं होतं ते झालं. तरी घरात आले की वाटतं, कुणीतरी माझं काढून नेलं.

काल दुकानात पीठ घ्यायला गेले होते. गल्ल्यापाशी एक बाई मला म्हणाली, "तुमचं कुणी हरवलंय का?" मी म्हटलं, का? ती म्हणाली, "तुम्ही सारखा डावा हात मागे धरून चालताय." मी बघितलं तर खरंच. नऊ वर्षं त्या हाताला नेरे असायची. मी म्हटलं, हरवलं नाही, ऑस्टिनला आहे. आणि पिशवी त्या हातात घेतली.

नाताळात या. नेरेही येईल. बसनं येणार आहे, एकटी.

तुमची कोमाद्रे,
ओतिलिया